आयत्या वेळचा विषय

आमच्या संस्थेत कृत्रिम बुद्धिमत्ता शिरली ती 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या दारातून. सभेची विषयपत्रिका ज्यांनी कधी पाहिली आहे त्यांना माहीत असतं, की हे कलम सगळ्यात शेवटी असतं आणि तिथे पोहोचेपर्यंत निम्म्या मंडळींनी चपला शोधायला सुरुवात केलेली असते. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, कचेरीच्या गळतीबाबत विचार करणे (हा विचार आम्ही अकरा वर्षं करतो आहोत) हे सगळं आटोपल्यावर आमचा सर्वांत तरुण कार्यकर्ता उभा राहिला. वय सव्वीस. आमच्यात बावन्न वर्षांपर्यंतचा माणूस 'नवीन रक्त' धरला जातो, त्यामुळे सव्वीस म्हणजे जवळजवळ पाळण्यातलाच. तो म्हणाला, "सर, आपण आता एआय वापरायला पाहिजे."

खजिनदारांनी विचारलं, "पावती मिळते का?"

हा प्रश्न ते सगळ्यालाच विचारतात. उद्या वैकुंठाचं विमान दारात उभं राहिलं तरी ते आत बसण्याआधी हेच विचारतील. चिटणिसांना वेगळीच काळजी. आमचा न्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला. कार्यकारिणीत माणूस आला-गेला की धर्मादाय आयुक्तांकडे फेरफार अर्ज करावा लागतो, आणि आमचे मागचे दोन अर्ज अजून तिथेच मुरताहेत. तेव्हा या नव्या पाहुण्यामुळे तिसरा अर्ज करावा लागेल का, असं त्यांनी विचारलं. तो विश्वस्त होणार नाही, फक्त काम करेल, असं कळल्यावर त्यांना हायसं वाटलं. विश्वस्त न होता काम करणारा माणूस आम्हाला कधीही हवाच असतो.

ठराव झाला. सूचक तो मुलगा, अनुमोदक मी. अनुमोदन मी दिलं कारण माझी एसटी चुकत होती. परिणामी 'सदर प्रयोगाची जबाबदारी सहचिटणीस यांच्यावर सोपविण्यात येत आहे' असं पुढचं वाक्य इतिवृत्तात आलं, आणि सहचिटणीस मीच. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला संस्था सहचिटणीस करते आणि मग आयुष्यभर सोडत नाही.

आता संस्थेबद्दल दोन शब्द. कचेरी पुण्यात पेठेत, काम बीड जिल्ह्यात. दसरा उलटला की तिथून ट्रक-ट्रॅक्टर भरभरून माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, ती पाडव्याच्या मागेपुढे परततात. आईबापांबरोबर लेकरंही जातात आणि शाळेच्या हजेरीपटावर पाच-सहा महिने नुसत्या गैरहजेरीच्या फुल्या. मुलं आजी-आजोबांपाशी गावातच राहावीत म्हणून आम्ही दोन गावांत हंगामी वसतिगृह चालवतो, आणि जी गेलीच त्यांच्यासाठी कारखान्याजवळ पालावरची शाळा. तिथलं सगळं बघतात त्या आमच्या ताई. मानधन सांगायला लाज वाटते म्हणून सांगत नाही.

पहिला प्रयोग अर्थातच पैशाचा. २०१३ चा कंपनी कायदा, कलम १३५. ज्या कंपनीची उलाढाल हजार कोटी, किंवा नक्त मूल्य पाचशे कोटी, किंवा निव्वळ नफा पाच कोटी, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. या दोन टक्क्यांकडे महाराष्ट्रातल्या तमाम संस्था मृगाच्या ढगाकडे बघावं तशा बघत असतात. ढग मात्र इंग्रजीत असतो. आजवर आमचे अर्ज एक निवृत्त प्राध्यापक लिहून देत. त्यांचं इंग्रजी इतकं उत्तम होतं की कंपनीतल्या कोणालाच ते कळत नसे. आता यंत्र आलं म्हटल्यावर मी दीड पान साधं मराठी लिहिलं आणि त्याला म्हटलं, कर बाबा इंग्रजी.

माझं मराठी असं होतं: टोळीतल्या प्रत्येक कोयत्याला मुकादम उचल देतो. कुटुंबं पालावर राहतात. पट्टा पडला की गावी परततात. यात न कळण्यासारखं काही नाही. कोयता म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं, कारण हिशेब जोडप्याचा होतो. उचल म्हणजे आगाऊ रक्कम. पाल म्हणजे कापडाची राहुटी. पट्टा पडला म्हणजे हंगाम संपला. यंत्राने दोन सेकंदांत सफाईदार इंग्रजी हातात ठेवलं. त्याचं उलट मराठी केलं तर असं होतं: 'गुंडांच्या टोळीतील प्रत्येक विळ्याला वर उचलण्यात येते. ही कुटुंबे पालींवर उदरनिर्वाह करतात. कारखान्याचा कंबरपट्टा गळून पडताच ती घरी परततात.'

हे मला कळलं अर्ज गेल्यावर. आधी वाचायला हवं होतं, मान्य. पण इंग्रजी इतकं गुळगुळीत होतं की नजर घसरून शेवटच्या पूर्णविरामावरच थांबली. कंपनीच्या बाईंचा फोन आला. आवाज फार सहानुभूतीचा. "सर, आहाराचा प्रश्न इतका गंभीर असेल तर आमच्या पोषण विभागाकडे अर्ज करा ना."

मग त्या मुलाने जे केलं ते मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. ताईंना फोन लावून त्याने चाळीस शब्दांची वही केली. कोयता, उचल, पाल, कोपी, फड, वाढे, पट्टा. प्रत्येकापुढे साध्या भाषेत अर्थ. ही यादी दर वेळी आधी यंत्रापुढे ठेवायची आणि मग काम सांगायचं. पाली त्या दिवसापासून भिंतीवर गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचं आम्हाला कोण कौतुक. पण यंत्र शिकलंय बहुतेक शहरी, छापील मजकुरावर. त्यात फडावरच्या माणसांचं बोलणं चिमूटभर. ते आपणच घालायचं.

दुसरा प्रयोग देणगीदारांना आभारपत्रं पाठवण्याचा. हे काम वाटतं सोपं. पण आमच्या देणगीदारांची यादी म्हणजे महाराष्ट्राच्या कुटुंबव्यवस्थेचा नकाशा आहे. ५०१ रुपये देणारा माणूस स्वतःच्या नावाने क्वचितच देतो. तो कै. तीर्थरूपांच्या स्मरणार्थ देतो, सौ.च्या एकसष्टीनिमित्त देतो, चि. परदेशी गेला म्हणून देतो. यंत्राने 'कै.' हे आडनावासारखं काहीतरी धरलं आणि बावीस दिवंगत व्यक्तींना पत्रं गेली, की 'आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभार, लवकरच प्रत्यक्ष भेटीचा योग यावा.' एका चिरंजीवांनी उत्तर पाठवलं, की वडिलांना पत्र पोचतं करण्याची घाई नाही, पण पत्ता मात्र बरोबर होता. 'सौ.'ची गंमत आणखी वेगळी. यंत्राचं हिंदी मराठीपेक्षा पक्कं, तेव्हा 'सौ.' म्हणजे शंभर. एका काकूंच्या १,००१ रुपयांची नोंद शंभर काकूंच्या नावावर पडली आणि त्या तिमाहीत आमच्या महिला देणगीदारांची संख्या अचानक वाढली. हा आकडा आमच्या अध्यक्षांनी एका भाषणात वापरलासुद्धा.

अध्यक्षांना यंत्र फार आवडलं. त्याचं कारण विशेषणं. पूर्वी अहवालात आम्ही लिहीत असू, 'यंदा वसतिगृहात ६० मुले होती. पाण्याचा त्रास झाला.' यंत्राने त्याचं केलं, 'सर्वसमावेशक व शाश्वत परिवर्तनाच्या प्रवासात असंख्य बालकांनी जलसंवर्धनाच्या आव्हानांना संधीत रूपांतरित केले.' साठाचे असंख्य झाले आणि टँकर न आल्याची संधी झाली. दोन पानांचा अहवाल चाळीस पानांचा झाला. मी तो घेऊन एका कंपनीत गेलो. तिथला तरुण अधिकारी चांगला होता, चहा दिला, आणि माझ्यासमोरच त्याने तो चाळीस पानी अहवाल आपल्या यंत्रात घातला. त्या यंत्राने पाच मुद्दे काढून दिले. पाचवा मुद्दा होता, 'लाभार्थी : असंख्य.' अधिकाऱ्याने वर बघून विचारलं, "सर, नक्की आकडा काय?"

साठ, मी म्हटलं. त्याने ते हाताने लिहून घेतलं.

म्हणजे आमच्या यंत्राने फुगवायचं, त्यांच्या यंत्राने हवा काढायची, आणि खर्चाची बिलं दोन्हीकडच्या हिशेबात. आपल्याकडे पूर्वीही लोकांनी निधी गोळा केला. अंताजी दामोदर काळ्यांनी एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. महर्षी कर्वे १९२९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, संस्थेची माहिती सांगत देशोदेशी हिंडले. परिवर्तनाच्या प्रवासाला निघालोय असं त्यांनी कोणाला सांगितलं असेल असं वाटत नाही. प्रवास म्हणजे त्यांच्या लेखी बोट.

बिलावरून आठवलं. यंत्राची वर्गणी डॉलरमध्ये. खजिनदारांना पावती मिळाली, पण त्यावर शिक्का नव्हता. शिक्का नसलेली पावती म्हणजे त्यांच्या मते मुंज न झालेला बटू. ती कुठल्या खात्यावर टाकायची यावर हिशेबतपासनीस आणि ते दोघे दीड तास बोलले. मानधन म्हणावं तर माणूस नाही. छपाई म्हणावं तर कागद नाही. शेवटी किरकोळ खर्चात, झाडू आणि फिनेल यांच्या मध्ये, त्याची सोय झाली.

एकदा मी अहवालासाठी गाडगेबाबांचं शिक्षणावरचं एखादं वचन मागितलं. यंत्राने लगेच दिलं. वाक्य भारदस्त होतं, त्यात 'सक्षमीकरण' असा शब्द होता. १९५६ साली गेलेला, खराटा घेऊन गावं झाडणारा, समोरच्या माणसाला बोलीत प्रश्न विचारून घाम फोडणारा तो महात्मा, त्याच्या तोंडी सक्षमीकरण! हे कुठून आणलंस, म्हणून विचारलं तर यंत्राने अतिशय नम्रपणे माफी मागितली आणि तेच वाक्य साने गुरुजींच्या नावावर दिलं. इतक्या गोड स्वभावाचा खोटारडा मी बँकेच्या कर्ज विभागातसुद्धा पाहिला नव्हता. त्या दिवसापासून नियम केला: आकडा, तारीख, नाव आणि वचन हे चार यंत्राकडून घ्यायचे नाहीत, त्याला द्यायचे.

ताईंशी यंत्राची ओळख झाली ती भांडणानेच. मुलांची यादी नीट करायची होती. एकाच मुलीचं नाव तीन वह्यांत तीन तऱ्हेने, गावाचं नाव कधी वाडी कधी तांडा. मुलगा म्हणाला, सगळी फाइल एआयमध्ये टाकू, पाच मिनिटांत साफ. फाइलमध्ये नावं, आधार क्रमांक, फोटो, आईबाप कुठल्या कारखान्यावर, कोणाच्या घरी फक्त म्हातारी. ताई फोनवर होत्या. म्हणाल्या, "सर, कोणाच्या पोरी घरात एकट्याच हायत, ती यादी तुम्ही कोणत्या परक्याच्या हातात देऊ लागले?"

सभेत शांतता पसरली. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा हेच सांगतो, अठराच्या आतल्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची संमती हवी. मोठ्या चुकीला दंड अडीचशे कोटींपर्यंत. आमच्या अंदाजपत्रकाला त्यातली शून्यंसुद्धा परवडणार नाहीत. पण कायदा आम्ही नंतर वाचला, आधी ताई बोलल्या. यादी आम्ही नावं काढून, नुसते क्रमांक घालून दिली, आणि नावांची किल्ली ताईंच्या वहीत राहिली. ती वही त्या उशाशी घेऊन झोपतात.

मग मुलाच्या डोक्यात आलं, की संस्थेचे जुने सगळे अहवाल यंत्राला वाचायला द्यावेत. संगणकावरचे अहवाल श्रीलिपीतले. तो टंक बाजूला काढला की मागे उरतात रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हं यांची खिचडी. माणसाला वाटावं कोणीतरी कळफलकावर बसलं होतं. यंत्राने तेही वाचलं. नाही कळलं म्हणेल तर शपथ. 'या अहवालातून संस्थेची बहुआयामी दृष्टी प्रकट होते' असा सारांश दिला. अध्यक्ष म्हणाले, "बघा, त्याला कळतंय."

म्हणून कागद. कचेरीच्या माळ्यावर पाच ट्रंका आहेत. त्यातली एक उतरवली. झुरळं, डांबराच्या गोळ्या, एक मेलेला उंदीर आणि इतिवृत्तांच्या वह्या. मुलगा मोबाइलवर फोटो काढत गेला, मी अक्षर लावत गेलो. दुसरीकडे ताईंचे आवाज होते. ताई लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. सहा-सहा मिनिटांचे निरोप, मागे कोंबड्या, ट्रॅक्टरवरचं गाणं, एसटीच्या कंडक्टरची घंटी. गेल्या तीन वर्षांचे असे दोनशेच्या वर निरोप आमच्या गटावर पडून होते. आम्ही सगळ्यांनी त्यांना अंगठा दाखवला होता. ऐकले होते किती जणांनी, ते विचारू नका.

निरोप यंत्राने लिहून काढले. चुका खूप, पण चाळीस शब्दांची वही आणि त्या मुलाची चिकाटी यांमुळे जमलं. मुलांची नावं आम्ही त्यातूनही आधी खोडली. मग त्याने यंत्राला एकच साधा प्रश्न घातला: मुलं गाव सोडून गेल्याचा उल्लेख कुठे कुठे आहे, तारखेनुसार लाव. आणि शेजारी आमच्या इतिवृत्तात त्याच सुमाराला काय आहे ते लिही.

डावीकडे ताई: दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी टोळ्या निघाल्या, वसतिगृह बंद आहे, अकरा लेकरं गेली. उजवीकडे आम्ही: 'वसतिगृहाच्या खर्चास मंजुरीचा विषय दिवाळीनंतर घ्यावा असे ठरले.' खाली पुढचं वर्ष. डावीकडे: चौदा लेकरं ट्रॅक्टरमध्ये बसून गेली, सर, कुलूप कधी उघडायचं? उजवीकडे: 'दिवाळीनंतर.' तिसरं वर्ष. डावीकडे नऊ. उजवीकडे पुन्हा तेच, फक्त अक्षर वेगळं, कारण चिटणीस बदलले होते.

यात बुद्धिमत्ता कसली? दोन कागद शेजारी ठेवले, बस. पण पाच ट्रंका आणि दोनशे निरोप असताना ते शेजारी ठेवायला कोणाला वेळ नव्हता, आणि आम्हाला तर दिवाळी होती. मी ताईंना फोन केला, थोड्या ऐटीतच, की यंत्राने असं असं शोधलंय. त्या म्हणाल्या, "सर, मी तीन वर्षं तेच सांगू लागले की."

मराठवाड्यात 'सांगू लागले' म्हणजे सांगते आहे. पुण्यात 'सांगू लागले' म्हणजे सांगायला सुरुवात केली. आम्ही तीन वर्षं असंच समजत होतो, की बाईंनी आत्ताच सुरुवात केलीय, पूर्ण होऊ दे, मग बघू.

मोठ्या संस्थांची कामं मोठी. कामगंध सापळ्यात अडकलेल्या बोंडअळीच्या पतंगांचा फोटो काढला की मोजून देणारं, नवजात बाळाचं वजन मोबाइलच्या चित्रफितीवरून सांगू पाहणारं यंत्र मुंबईतल्या वाधवानी एआयने तयार केलं, आणि ते कौतुकाचं आहेच. आमच्यासारख्या माळ्यावर ट्रंका असलेल्या संस्थेला कोणी विचारलं, की सुरुवात कुठून करू, तर मी सांगतो: ज्या एका कामाचा सगळ्यात कंटाळा येतो तिथून. अर्ज लिहिण्यापासून करू नका. आम्ही केली, पाली खाल्ल्या.

यंदा वसतिगृहाच्या खर्चाचा ठराव श्रावणात झाला, विषय क्रमांक एक. सूचक खजिनदार. दोन्ही कुलपं घटस्थापनेला उघडली. टोळ्या नेहमीप्रमाणे दसऱ्यानंतर निघाल्या आणि पहिल्या आठवड्यात गेलेली लेकरं दोन, तीही मावशीकडे. ताईंचा निरोप आला, साडेसात मिनिटांचा. मी पूर्ण ऐकला. शेवटची चार मिनिटं पाण्याच्या टाकीबद्दल आहेत.

माळ्यावर अजून चार ट्रंका आहेत. त्यातली एक कै. चिटणीसांच्या हस्ताक्षरातली. ते अक्षर यंत्राला लागत नाही, मला लागत नाही, त्यांच्या चिरंजीवांनाही लागत नाही. जुनं, गिचमिड, टाकाचं अक्षर वाचता येणारं कोणी असेल, शाळामास्तर, कारकून, औषधांच्या दुकानात आयुष्य गेलेलं कोणीही, तर दर रविवारी सकाळी दहा ते बारा आमच्या कचेरीत यावं. जिना अरुंद आहे, जपून या. चहा मिळेल. मानधन नाही, पण खजिनदार म्हणताहेत, वेळ दिल्याची पावती मिळेल, शिक्क्यासकट.